थापाकोश खेळताय? मग या चुका टाळा

खेळ तसा साधा. एकाने शब्दकोशातून कुणालाही माहीत नसलेला शब्द काढायचा. बाकीच्यांनी त्याचा आपल्या मनाने एक अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. मग शब्द काढणाऱ्याने त्या थापांमध्ये खरा अर्थ मिसळून सगळं वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी खरा कुठला ते ओळखायचं. इंग्रजीत हा खेळ घरोघरी पूर्वीपासून आहे, १९८४ साली कॅनडातून 'बाल्डरडॅश' नावाने त्याचा डबाही बाजारात आला. ठाण्यात नौपाड्याला आमच्याकडे पावसाळ्यातल्या रविवारी सहा-सात जण तो मराठीत खेळतात. आम्ही त्याला थापाकोश म्हणतो. सुरुवातीला तो दर वेळी अर्ध्यात बंद पडायचा, आणि कारणं प्रत्येक वेळी तीच असायची.

शब्द निवडताना

जडजंबाल संस्कृत शब्द घेऊ नका. संधी सोडवला की अर्थ बाहेर. मराठी कोशातलं खरं घबाड चूल, गोठा आणि नांगर यांच्या आसपास आहे. पण तिथेही गोची होते. मी एकदा मोठ्या ऐटीत 'राब' काढला. चौथ्या मजल्यावरचे काका मूळचे बाळकुमचे. चिठ्ठी हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "अरे, राब भाजल्याशिवाय भाताचं रोप कसं टाकणार?" (राब म्हणजे रोपाच्या जागेवर भाजायचा पालापाचोळा.) पुढचा 'खाजण', म्हणजे खाडीलगतची खारी जमीन. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला खाजण विचारायचं म्हणजे पुणेकराला पेठ विचारण्यासारखं. तिसरा 'वैल', तर आतून सासूबाई ओरडल्या, "चुलीला जोडून असते ती धाकटी चूल!" तीन शब्द, तीन मिनिटं, खेळ खलास.

उपाय सोपा. शब्द जाहीर केला की आधी विचारा, कुणाला माहीत आहे का? एक जरी हात वर आला तरी शब्द बदला, अर्थ सांगू देऊ नका. कोकणातली मंडळी असतील तर देशावरचे शब्द काढा, आणि देशावरची असतील तर कोकणातले.

शब्दाचं लिंग आणि जात न सांगणं

ही खास मराठीतली चूक आहे. 'रुमणे' हा शब्द दिला तेव्हा तिघांनी क्रियापद समजून लिहिलं: "मनातल्या मनात रुसणे", "दूध मंद आचेवर आटणे", असलं. रुमणे म्हणजे नांगराची मूठ, म्हणजे नाम. तिघंही वाचताक्षणी बाद. आपल्याकडे 'लाटणे' स्वयंपाकघरात नाम आणि क्रियापद दोन्ही असतं, त्यामुळे हा घोळ होणारच. 'शिवळ'च्या वेळी कुणीतरी "कानातला डूल" लिहिलं. वाचणाऱ्याने सवयीने "शिवळ, स्त्रीलिंगी" म्हटलं आणि डूल तिथेच पडला. (शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाला बैलाच्या मानेशी घालायची खुंटी.) शब्दासोबत "नाम, स्त्रीलिंगी" एवढं सगळ्यांना आधीच सांगून टाका.

विनोदी थाप

हसू येतं, मत मिळत नाही. खरे अर्थ बहुतेक कंटाळवाणे असतात आणि थापही तशीच हवी. आमच्याकडची सर्वात यशस्वी थाप 'आंबोण'ची. एकाने लिहिलं, "आंब्याच्या बागेची राखण करणाऱ्यास मिळणारा फळांचा वाटा." चार मतं! खरं आंबोण म्हणजे दुभत्या जनावरापुढे ठेवायचं पेंड-कोंड्याचं भिजवलेलं खाणं. थापेत आंब्याचा आधार होता, पण बेताचा. 'वाघूर'ला मात्र पाचही जणांनी वाघ धरला: वाघाची गुहा, वाघाचं पिल्लू, वाघाची डरकाळी. एकाच प्राण्यावर पाच थापा आल्या की खरा अर्थ, म्हणजे शिकाऱ्याचं जाळं, आपोआप उघडा पडतो. शब्द ऐकल्यावर जे पहिलं सुचेल ते शेजारच्यालाही सुचलेलं असतं, ते टाकून द्या.

वाचणाऱ्याच्या चुका

निम्म्याहून जास्त डाव इथेच फसतात. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळातला, सात खंडांचा. त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली की "करितात", "ठेवितात" येतं आणि ऐकणारा कान टवकारतो. खरा अर्थ आजच्या भाषेत, एका ओळीत लिहा. आमच्यातल्या एका वहिनींनी यावर कडी केली, थापेतच "करितात" घालायला लागल्या. दोन रविवार त्या जिंकल्या.

मोल्सवर्थचा कोश वापरत असाल तर वेगळाच घोटाळा. तो मराठी-इंग्रजी. दुसरी आवृत्ती १८५७ ची. खरा अर्थ समोर बसून मनात भाषांतर करत वाचला तर जीभ नेमकी तिथेच अडखळते. मराठी चिठ्ठी आदल्या दिवशी करून ठेवा. शिवाय त्यात जुने अनुस्वार आहेत, 'रुमणें' असं. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, म्हणून ऑनलाइन आवृत्तीत आजच्या लेखनाने शोधून शब्द मिळाला नाही तर अनुस्वार देऊन बघा.

वाचायच्या आधी सगळ्या चिठ्ठ्या स्वयंपाकघरात जाऊन एकदा मनात वाचून या. अक्षर लागलं नाही तर लिहिणाऱ्याला कानात विचारा. सगळ्यांसमोर "हे काय लिहिलंय, गोणपाट की गोमूत्र?" विचारलं की ती थाप मेली. चिठ्ठ्या पिसा, आकडे घाला, एकाच सुरात दोनदा वाचा.

मतदान आणि गुण

एकेकाला विचारत गेलात की भिडस्त माणसं पुढच्याच्या मागे जातात. "एक, दोन, तीन" म्हणून सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची. खरा अर्थ ओळखला की दोन गुण, आपल्या थापेला मिळालेल्या प्रत्येक मताला एक, कुणालाच ओळखता आलं नाही तर वाचणाऱ्याला तीन. चुकून कुणी खराच अर्थ लिहून बसला तर त्याला तीन देऊन तो शब्द सोडून द्या. भांडणं नकोत. चारपेक्षा कमी माणसं असतील तर खेळूच नका, आठच्या वर गेली तर जोड्या करा. मोबाईल पालथे, टीव्हीच्या टेबलावर.

वापरलेले शब्द न टिपणं

एकदा फुटलेला शब्द पुन्हा चालत नाही, आणि तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही की तो फुटलाय. आम्ही जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर यादी ठेवतो. पहिल्या ओळीत अजून 'वैल' आहे, लाल पेनाने खोडलेला. आमच्या गॅसवरच्या मागच्या छोट्या बर्नरला घरात आता सगळे वैलच म्हणतात. परवा धाकट्याने विचारलं, "आई, दूध वैलावर ठेवू का?"