पिकअप घेताय? डिझेल की सीएनजी, आधी हे करा

शोरूमला गेलं की सेल्समन फक्त मायलेज सांगतो आणि आपण तिथेच फसतो, म्हणून बुकिंगच्या आधी आठवडाभर वहीत रोजचे किलोमीटर, किती माल आणि घाट किती वेळा लागतो एवढं लिहा.

१. किमीचा इंधनखर्च काढा: एक लिटरचा किंवा किलोचा भाव भागिले भरलेल्या गाडीचं मायलेज. समजा डिझेल ९० रुपये आणि १२ चं मायलेज, म्हणजे किमीला साडेसात, सीएनजी ८० आणि १६ चं, म्हणजे पाच. वाचले अडीच.
२. सीएनजी गाडी ५० हजारांनी महाग पडत असेल तर ५०,००० भागिले अडीच, २० हजार किमीला वसूल. मायलेज मात्र तीच गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, कंपनीचा आकडा धरू नका.
३. सीएनजी पंपावरच्या रांगेचा वेळही धरा, सकाळी मार्केट यार्ड गाठायचं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

रोज कसारा नाहीतर खंबाटकी फुल लोडवर चढायचा असेल तर माझं मत सरळ डिझेल, कारण खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, ओढ मिळते.

आणि एक, बीएस-६ डिझेल नुसती शहरात चार-पाच किमीच्या फेऱ्यांना वापरू नका, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो, त्याचा दिवा लागला की मॅन्युअल बघून हायवेला एकसारखी चालवा.