ओढ्यातले छोटे मासे घरच्या टाकीत कसे ठेवावेत

ओढ्याच्या काठाशी बोटाएवढ्या माशांचा घोळका दिसला की हात शिवशिवतात. बरणी भरून चार मासे घरी येतात, नळाच्या पाण्यात पडतात आणि दोन-तीन दिवसांत पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. लोक म्हणतात, रानातले मासे घरात जगत नाहीत. ते खरं नाही. टाकीतलं पाणी तयार नव्हतं, एवढंच झालेलं असतं. म्हणून आधी टाकी, मग काही आठवड्यांची वाट, आणि त्यानंतर जाळी. हा क्रम मोडू नका.

टाकी मांडणं

पहिल्या टाकीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच हे माप उत्तम. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. त्याहून लहान टाकी सांभाळायला सोपी वाटते, प्रत्यक्षात अवघड असते. पाणी कमी असलं की घाण लवकर साठते आणि तापमानही झटकन वरखाली होतं. गोल काचेच्या भांड्याचा तर विचारच करू नका. काच, वाळू, दगड आणि पाणी मिळून वजन ६० किलोच्या पुढे जातं, तेव्हा टेबल भक्कम आणि सपाट हवं. खिडकीतलं थेट ऊन टाळा. उन्हात पाणी तापतं आणि काचेवर हिरवं शेवाळ माजतं.

तळाला धुतलेली जाड वाळू किंवा बारीक गोल खडी घाला. दगड कोणताही चालत नाही. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फेस आला तर त्या दगडात चुना आहे आणि तो पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, करत राहील. पाणवनस्पतींमध्ये व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि जावा मॉस ही नवख्याच्या हातीही टिकणारी नावं. फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. मला तो महागड्या फिल्टरपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात इवले मासे ओढले जात नाहीत. झाकण मात्र हवंच. ओढ्यातले मासे उड्या मारण्यात पटाईत असतात आणि पहिल्या रात्री तर हमखास मारतात.

पाणी तयार करणं

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. उघड्या बादलीत हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) सोडून पाणी एक दिवस ठेवलं तर क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातं. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते असं उडत नाही, त्यासाठी माशांच्या दुकानात मिळणारं क्लोरीननाशक औषध घालावं लागतं. आपल्या पाण्यात काय आहे हे माहीत नसेल तर औषध घालणंच बरं.

खरं काम यापुढे आहे. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. वाहत्या ओढ्यात तो वाहून जातो, टाकीत तिथेच राहतो आणि माशाचे कल्ले जाळतो. फिल्टरमध्ये आणि वाळूत हळूहळू काही जिवाणू वस्ती करतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद हिरावून घेतं, त्यामुळे पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते थोडं वनस्पती शोषून घेतात, उरलेलं पाणी बदलताना निघून जातं.

ही वस्ती जमायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकीत मासे ठेवू नका. फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर मासेखाद्य टाकत राहा. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना तेच अन्न मिळतं. पाणी तपासण्याचा किट घ्या. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. खाद्य टाकणं चालू असताना अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य राहिले की टाकी तयार झाली. कुणाच्या चालू, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच आटोपतो.

मधेच एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती इथे उपयोगी आहे. १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एकत्र ठेवण्याचा आपला प्रयोग मांडला. वनस्पतीची पानं कुजून पाणी बिघडू लागलं, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं आणि पाणी निवळलं. वनस्पतीबरोबर चुकून आलेल्या गोगलगायी दिसल्या की लोक घाबरून औषध ओततात. तसं करू नका. त्या फार वाढल्या तर तुम्ही खाद्य जास्त टाकता आहात, एवढाच त्याचा अर्थ.

मासे पकडणं

जाण्यापूर्वी नियम विचारून घ्या. अभयारण्यात आणि संरक्षित पाण्यात मासे पकडायला बंदी असते, खाजगी तळ्यासाठी मालकाची परवानगी लागते, काही जाती कायद्याने संरक्षित असतात. एकट्याने जाऊ नका. वरच्या भागात पाऊस पडत असेल तर ओढ्यात उतरूच नका, पाणी बघता बघता वाढतं.

जाळी मऊ आणि बारीक छिद्रांची घ्या. खरखरीत जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथेच पुढे बुरशी धरते. हात लावायचाच झाला तर आधी ओला करा. सूर्य समोर ठेवून उभे राहा, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही. जाळी घेऊन माशांच्या मागे लागून मासे मिळत नाहीत. एकाने मोठी जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तळाशी टेकवून स्थिर धरायची, दुसऱ्याने वरच्या अंगाने सावकाश चालत घोळका तिकडे हाकायचा. काठच्या गवताच्या मुळांखाली जाळी घालून वर उचलली तरी पुष्कळ मिळतं.

प्लास्टिकच्या बाटलीचा सापळाही चालतो. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, बाजूला छिद्रं पाडायची, आत आमिष आणि एक दगड ठेवून दोरीने बांधून सोडायची. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढायचीच. रात्रभर ठेवलेल्या सापळ्यात मासे, बेडूक, पाणसाप गुदमरून मरतात.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. पकडलेले मासे तिथल्याच पाण्यात, पारदर्शक सपाट डब्यात ठेवा आणि बाजूने निरखून पाहा. वरून सगळे मासे करडेच दिसतात. बाजूने पाहिलं की पट्टे, शेपटीजवळचा ठिपका, ओठांच्या मिशा दिसतात. कल्ल्यांची झाकणं एका लयीत हलताहेत का बघा. पर चिकटलेले, पोट आत गेलेलं, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, खवल्यांतून लोंबणारा दोऱ्यासारखा किडा किंवा अंगावर सरकणारी चपटी पारदर्शक माशांची ऊ दिसली, तर तो मासा लगेच तिथेच सोडून द्या. पोट टरारलेल्या, अंडी भरलेल्या माद्याही सोडा. आणि एक लक्षात ठेवा, छोटा दिसणारा प्रत्येक मासा छोटा राहणारा नसतो. मोठ्या जातींची पिल्लंही त्याच उथळ पाण्यात असतात. ओळख पटली नाही तर घेऊ नका. गप्पी आणि गंबुसिया हे डासांच्या बंदोबस्तासाठी जगभर सोडलेले परके मासे आहेत. स्थानिक समजून तेच घरी आणणारे पुष्कळ असतात. त्यातला गंबुसिया तर टाकीतल्या इतरांचे पर कुरतडतो.

घोळक्याने राहणारी एकच जात निवडा आणि सहा ते आठ मासे घ्या. दोन-तीनच घेतले तर ते कोपऱ्यात दबून राहतात. वीस घेतले तर तुमची टाकी ते पेलणार नाही.

घरी आणणं

पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा. काटेरी परांच्या माशांसाठी झाकणाची बादली बरी. सावलीत ठेवा आणि शक्य तितक्या लवकर घर गाठा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. तापलेल्या गाडीत मासे का मरतात ते यावरून कळेल.

घरी आल्यावर मासे थेट मुख्य टाकीत सोडू नका. स्पंज फिल्टर लावलेल्या वेगळ्या टबमध्ये तीन-चार आठवडे ठेवा, रोगराई असेल तर तेवढ्यात बाहेर येते. हा स्पंज मुख्य टाकीत आधीपासून ठेवून पिकवलेला, म्हणजे जिवाणू वसलेला, असावा. पिशवी टबच्या पाण्यावर पंधरा मिनिटं तरंगती ठेवा, मग दर पाच-सात मिनिटांनी वाटीभर टबचं पाणी पिशवीत घाला. तासाभराने मासे जाळीने उचलून सोडा. ओढ्याचं पाणी टबमध्ये ओतू नका, त्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि त्या लहान मासे फस्त करतात. पहिला दिवस दिवा बंदच ठेवा.

रानातला मासा कोरडं खाद्य ओळखत नाही. सुरुवातीला डासांच्या अळ्या किंवा डाफ्निया (गोड्या पाण्यातले इवले कवचधारी जीव) द्या. अळ्या मिनिटभरात संपतील एवढ्याच टाका, नाहीतर घरात डास होतील. आठवड्याभराने त्यातच बारीक केलेलं कोरडं खाद्य मिसळा. एकाने खाल्लं की घोळका शिकतो.

रोजची देखभाल

दर आठवड्याला सायफनने तळ साफ करत चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचं हवं. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा. जे तपकिरी पाणी निघतं ती साठलेली घाण असते. जिवाणू स्पंजला चिकटून असतात, नळाच्या क्लोरीनने मात्र तेच मरतात.

घरात राहिलेला मासा पुन्हा ओढ्यात सोडायचा नाही, ज्या ओढ्यातून आणला त्यातसुद्धा नाही. टाकीतले रोग त्याच्याबरोबर तिकडे जातात. नको झाले तर मासे पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या. जाळीही एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी उन्हात कडकडीत वाळवा.

मासे रुळले की एखाद्या सकाळी ते वनस्पतींमध्ये एकमेकांच्या मागे धावताना दिसतील. डानिओ आणि छोटे बार्ब हे घोळक्याने राहणारे मासे अशा वेळी अंडी विखरून टाकतात आणि लगेच स्वतःच खातात. पिल्लं हवी असतील तर अंडी अडकलेला जावा मॉसचा पुंजका उचलून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवा. डानिओची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्लं पोहू लागली की पहिला आठवडा शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव, मग आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवाच्या) नुकत्याच फुटलेल्या अळ्या, आणि रोज थोडं थोडं पाणी बदलणं.