हिरो लहानाचा मोठा होतो अशी पटकथा लिहिताय? मग या चुका टाळा

पहिल्या सीनला हिरो आठ-नऊ वर्षांचा आणि शेवटी विशी ओलांडलेला, ही आयडिया आपल्या सगळ्यांना फार आवडते, मलापण. ऐकायला भारी वाटतं, पण लिहायला बसलं की पन्नासाव्या पानावर गाडी अडते. माझी अडली. गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागातली, पोराचं नाव शीनू म्हणजे श्रीनिवास, वडील लूमवर म्हणजे यंत्रमागावर कामाला, आई बिड्या वळणारी, 2013 ला तो नऊ वर्षांचा आणि 2025 ला एकवीस. चार ड्राफ्ट झाले, त्यात जे जे घोळ घातले ते सांगतो.

सगळ्यात मोठा घोळ हिशेबाचा. एक सीन मी लय मन लावून लिहिलेला, दहावीचा शेवटचा पेपर भूगोल, शीनू शाळेच्या गेटातून पळत बाहेर येतो, पॅड हवेत फेकतो, आणि सगळी गँग सायकली दामटत कंबर तलावावर. चहाच्या गाड्यावर मित्राला वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जन्म कधीचा बे त्याचा?" मी म्हणलं 2004. "मग दहावी मार्च 2020 की. भूगोलाचा पेपर झालाच कुठं बे, कोरोनात रद्द झालता!" खरंच की. तो पेपर 23 मार्चला होता, रद्द झाला, आणि बाकीच्या विषयांवरून सरासरी काढून मार्क दिले. माझा हिरो न झालेला पेपर देऊन नाचत बाहेर येत होता.

साल मागंपुढं करून भागलं असतं, पण मी तो सीनच फाडला आणि त्या पोरांचं जे झालं तेच लिहिलं. पेपर नाही, पॅड फेकणं नाही, दोस्त नाहीत. घराखालच्या लूम बंद. जन्मल्यापासून खटखट ऐकत झोपलेलं पोरगं, त्या रात्री पहिल्यांदा एवढी शांतता आणि त्याला झोपच लागेना, शेवटी उठून जुना खडखडणारा पंखा फुल्ल करतो आणि त्या आवाजात झोपतो. एक डायलॉग नाही. आधीच्या तलावाच्या सीनमध्ये तो फक्त दहावी झालेला होता, इथं तो मोठा झालेला दिसतो.

म्हणून आधी एक वही घ्या. डावीकडं साल, मग हिरोचं वय, इयत्ता, आईबापाचं वय, घरात फोन कुठला, टीव्ही कुठला. पटकथा उघडायच्या आधी हे भरा. सप्टेंबर 2016 च्या आधी जिओ नाही, म्हणजे त्याआधीचं सातवीतलं पोरगं दिवसभर फुकटात व्हिडिओ बघत बसलेलं दाखवू नका. 8 नोव्हेंबर 2016 नंतरच्या आठवड्यात कुणी पाचशेची जुनी नोट बिनधास्त काढली तर प्रेक्षक हसतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 ला पाडली, त्यामुळं 2025 च्या सीनमध्ये हिरो गच्चीवरून चिमणीकडं बघत विचार करू शकत नाही, विचार करायला दुसरं काहीतरी शोधा. आणि कुत्रं! हिरो नऊचा असताना मोठं असलेलं कुत्रं तो एकवीसचा झाला तरी शेपटी हलवत दारात, हे मी स्वतः केलंय. आईचंपण तसंच, पोरगं बारा वर्षं वाढलं आणि आईचं काहीच बदललं नाही, ना चष्मा ना गुडघे.

दुसरी चूक बोलण्याची. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नऊ वर्षांचा शीनू आईला म्हणतो, "अम्मा, गरिबी माणसाला लवकर मोठं करते." हे शीनू नाही बोलत, मी बोलतोय, तेपण वाईट मूडमध्ये. नऊ वर्षांचं पोरगं म्हणेल, "अम्मा, पैसे मिळाले का आज? कंपास घ्यायचा ना?" आणि तेच पोरगं पंधराव्या वर्षी पैशाचं विचारणंच बंद करतं. घरात तेलुगू, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत "काय करलालास बे", तर कुठल्या वयात तो कुठली भाषा कुणासमोर लपवतो हे ठरवलं की अर्धं काम झालं.

कॅरॅक्टरच्या नावाचं थोडक्यात. एकदा "शीनू (9)" लिहिलं की डायलॉगवर शेवटपर्यंत शीनूच ठेवा, मध्येच श्रीनिवास, मग छोटा शीनू, मग तरुण श्रीनिवास असं केलं की सॉफ्टवेअर चार वेगळी माणसं धरतं आणि वाचणारापण. वय उडी मारेल तिथंच नवीन वय टाका. नट बदलणार हे पक्कं असेल तरच लहान-मोठा असा फरक करा.

पानांचं बघा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. लहानपण लिहायला सोपं जातं, आपल्याला आठवतं ना सगळं, त्यामुळं 110 पानांतली 65 लहानपणातच जातात आणि नंतरची बारा वर्षं धावतपळत उरकतात. यात प्रॅक्टिकल लफडंपण आहे. चौदा वर्षांखालच्या पोराला शूटिंगला दिवसात पाच तासांच्या वर थांबवता येत नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, शिवाय जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि "बॉयहूड" या इंग्रजी सिनेमासारखं एकच पोरगं घेऊन 2002 ते 2013 थोडं थोडं शूट करायचं म्हणाल तर तेवढा धीर धरणारा प्रोड्युसर आधी शोधा.

आता वयाची उडी. पळता पळता पाय मोठे होतात, सायकलचं चाक फिरतं आणि वर हिरो बसलेला, बास झालं हे. कपाळावरची खूणपण नको. त्यापेक्षा एखादी सवय द्या, शीनू शर्टावरचा सुताचा धागा उपटून बोटात गोळी करतो, नट बदलला तरी गोळी तीच. आणि एखादी जागा परत परत आणा. मी गड्डा घेतला, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. पाचव्या वर्षी बापाच्या खांद्यावर, नवव्या वर्षी पाळण्यासाठी रडारड, चौदाव्या वर्षी आईपासून दहा पावलं पुढं, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून, आणि एकविसाव्या वर्षी आई गर्दीला घाबरते तर हा तिचा दंड धरून चालतो. चार सीन, कुठंच साल लिहायची गरज पडली नाही.

अडकलात तर फक्त हिरोचे डायलॉग वेगळे काढा, वय झाकून त्या त्या वयाच्या पोराला वाचायला द्या. मी शेजारच्या पाचवीतल्या पोराला दिले. अर्धं पान वाचून म्हणला, "हे सर बोलतायत का?" त्या पानावर नऊ डायलॉग होते, आता दोन उरलेत.