मग्दालाच्या लुटीतली वस्तू शोधताय? मग या चुका टाळा

मग्दाला म्हणजे इथिओपियाच्या सम्राट तेवोद्रोसचा डोंगरी किल्ला, १८६८ ला ब्रिटिश फौजेने तो जिंकून लुटला. आता ब्रिटनच्या म्युझियममध्ये इथिओपियाची एखादी जुनी पोथी नाहीतर क्रॉस दिसला, खाली १८६८ लिहिलंय, की लोक लगेच म्हणतात मग्दालाची लूट, विषय संपला. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

मग्दालाच्या किल्ल्यावर मिळाली म्हणून ती तिथलीच असं नसतं ना. सम्राट तेवोद्रोसने स्वतःच गोंदर या जुन्या राजधानीतली चर्चेस लुटून पोथ्या नि मौल्यवान सामान गडावर नेऊन ठेवलं होतं, म्हणजे इंग्रजांच्या हाती बराचसा लुटीचाच माल लागला! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला सोन्याचा मुकुट बघा, तो साधारण १७४० चा आणि राणी मेंतेवाब व तिच्या मुलाने गोंदरजवळच्या क्वेस्क्वामच्या चर्चला दिला असं मानतात. हा दुवा सुटला की वस्तू परत कुणाला द्यायची याचंही उत्तर चुकतं. पोथी असेल तर समासातल्या आणि कोऱ्या पानांवरच्या नोंदी गीझ (इथिओपियाची जुनी धर्मभाषा) येणाऱ्याकडून वाचून घ्या, कुणी कुठल्या चर्चला दिली ते बऱ्याचदा तिथेच असतं. फक्त साल जपून, इथिओपियन कॅलेंडर ७-८ वर्षं मागे चालतं आणि जुन्या पोथ्यांत सृष्टीच्या आरंभापासून मोजलेली सालंही असतात.

दुसरं, "खरेदी केली" असं वाचून निवांत होऊ नका. १३ एप्रिल १८६८ ला गड पडला, मग १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरांवर माल लादून डेलांटाच्या पठारावर नेला आणि २०-२१ एप्रिलला लष्करातच लिलाव केला, ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड होम्स फौजेसोबतच होते, त्यांनी भरपूर घेतलं. पावती आहे म्हणून व्यवहार सरळ होत नाही हो! काही वस्तू अधिकाऱ्यांच्या घरी गेल्या आणि बऱ्याच उशिरा म्युझियममध्ये आल्या, म्हणून म्युझियमच्या नोंदीचं साल म्हणजे वस्तू उचलल्याचं साल धरू नका, देणाऱ्याचं घराणं आणि पलटण शोधा.

सर्च करताना मग्दाला-मक्दाला, थिओडोर-तेवोद्रोस, ॲबिसिनिया (इथिओपियाचं जुनं नाव) सगळं टाकून बघा.

आपले लोक तर मुंबईच विसरतात! या मोहिमेचा प्रमुख नेपियर मुंबई आर्मीचा सरसेनापती होता, फौज मुंबईहून जहाजांनी लाल समुद्राकाठच्या झुला या ठिकाणी उतरली, त्यामुळे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे (हिंदुस्थानचा कारभार बघणारं ब्रिटिश सरकारचं खातं) कागद चाळल्याशिवाय शोध पूर्ण झाला म्हणू नका.

आणि प्रत्येक इथिओपियन क्रॉस लुटीचा नसतो, प्रवाशांनी विकत घेतलेले, भेट मिळालेलेही आहेत. म्युझियमला मेल टाकताना वस्तूचा नोंदणी क्रमांक द्या आणि पूर्ण फाईल मागा, वेबसाइटवरची माहिती बहुतेक वेळा त्रोटक असते.