वळीव एका जागी किती वेळ बसणार? नाशिकमध्ये वादळी पावसाचा अंदाज शिकणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये पुराचं माप म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पण ते माप पावसाळ्याचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की मूर्ती पाण्यात जाऊ लागते. मे-जूनमध्ये धरणाचा साठा तळाकडे गेलेला असतो. तेव्हा लोंढा येतो नासर्डी-वाघाडी या नाल्यांना, आणि सराफ बाजार, दहीपुलासारख्या सखल भागात तासाभरात पाणी भरतं. म्हणून ‘वळीव येणार का?’ इथे थांबू नका. ‘तो एका जागी किती वेळ बसणार?’ हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

सकाळी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या साडेपाचच्या हवामान-बलूनचे आलेख (उंचीनुसार तापमान आणि आर्द्रता) उघडा. मुंबईचा आलेख समुद्रसपाटीपासून सुरू होतो. नाशिक सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास. त्याखालचा दमट थर नाशिकच्या वाट्याला येतच नाही. तो तसाच ठेवला की ‘केप’ (हवेला वर उचलणाऱ्या ऊर्जेचा आकडा) फुगलेला दिसतो, आणि नवशिके हमखास इथेच फसतात. तो थर काढून टाका, नाशिकचं दुपारचं अपेक्षित तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) घाला आणि गणित पुन्हा करा. तापमान ३८ आणि दवबिंदू १२ असेल तर फरक २६ अंशांचा. अंशाला १२५ मीटर धरले तर ढगाचा तळ जमिनीपासून सव्वातीन किलोमीटरवर. असा पाऊस वाटेतच सुकतो आणि हाती येतो फक्त वारा नि धूळ. ३५ आणि २१ असेल तर तळ पावणेदोन किलोमीटरवर येतो, तेव्हा सावध व्हा.

मार्चमध्ये वरच्या थरातले पश्चिमी वारे जोरात असतात. ढग पळतात, गारा पडतात, द्राक्षबागांचं मोठं नुकसान होतं, पण पुराची भीती कमी. मेअखेरीस ते वारे मंदावतात, हवा ओली होते आणि ढग रेंगाळतात. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या रडारच्या दोन चित्रांत ढग किती सरकला ते पट्टीने मोजा. दहा किलोमीटर रुंदीचा ढग ताशी ४० किलोमीटरने गेला तर एका जागी पाव तास बरसेल, ताशी १० ने गेला तर पूर्ण तास. आणखी फसवा प्रकार म्हणजे ढग पुढे सरकतोय, पण मागे त्र्यंबकच्या डोंगरांकडे त्याच जागी नवा ढग जन्मतोय. अशा वेळी एकट्या ढगाचा वेग पाहून निर्धास्त राहू नका, सगळा पट्टा हलतोय का ते पाहा.

रडारच्या मर्यादाही पाठ हव्यात. मुंबईच्या कुलाबा रडारपासून नाशिक सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. अर्धा अंश वर रोखलेला रडारचा झोत इथे येईपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन किलोमीटर वर गेलेला असतो, त्यामुळे खालचा पाऊस त्याला दिसत नाही. म्हणून उपग्रहचित्रं आणि ‘दामिनी’ ॲपवरच्या विजा सोबत ठेवा. रडारवर ५० डीबीझेड (परतून येणाऱ्या प्रतिध्वनीच्या जोराचं एकक) दिसणारा पाऊस मार्शल-पामर सूत्राने तासाला ४९ मिमी येतो, वादळी ढगांसाठीच्या दुसऱ्या प्रचलित सूत्राने ६३. आणि ५५ च्या वर आकडा गेला की बहुधा गारा असतात. त्यांना पाऊस समजून मिमी काढू नका.

आता नाल्याचं गणित. दहा चौरस किलोमीटरवर तासात ५० मिमी म्हणजे पाच लाख घनमीटर पाणी. डांबर-काँक्रीटमुळे त्यातलं ७० टक्के वाहून आलं तर तासाभराची सरासरी सुमारे ३,४०० क्युसेक, आणि ऐन लोंढ्याचा आकडा याहून जास्त. धरणाच्या विसर्गाच्या मानाने हा आकडा मोठा वाटणार नाही, पण पात्र आहे नाल्याचं, नदीचं नाही. त्यात मोरीच्या तोंडाशी प्लास्टिक आणि गाळ अडकलेला असतो. याच ५० मिमीला सहा तास मिळाले तर बहुतेकदा काही होत नाही. दिवसाच्या एकूण पावसावरून इशारा लिहू नये तो यासाठीच.

भारतीय हवामान विभागाचा तीन तासांचा तात्काळ इशारा आणि २०२० पासून चालू असलेली दक्षिण आशियाई अचानक पूर मार्गदर्शन प्रणाली रोज पाहा. दुसरीत सहा तासांचा धोका आणि २४ तासांची जोखीम वेगवेगळी असते, त्यांची गल्लत करू नका. ‘ढगफुटी’ हा शब्दही जपून वापरा. २०-३० चौरस किलोमीटरवर तासात १०० मिमी झाला तरच ती ढगफुटी.

इशाऱ्यात जागा आणि वेळ लिहा: ‘साडेपाच ते सात, नासर्डीकाठ, पुलावर पाणी येऊ शकतं, गाड्या काढून घ्या.’ ‘जिल्ह्यात काही ठिकाणी’ वाचून नाल्याकाठचा माणूस गाडी हलवत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नाल्यासाठी वेगळ्या पानावर तीन नोंदी करा: पावसाचा जोर कधी धरला, पाणी पुलाला कधी लागलं, कधी ओसरलं. पहिल्या दोन वेळांतलं अंतर म्हणजे पुढच्या वेळी इशाऱ्यासाठी तुमच्या हातात असलेला वेळ.