आंतरवसतिगृह क्रीडास्पर्धा : पहिल्या शिट्टीपूर्वीची तयारी

सर्वांत आधी पात्रतेचा नियम लिहून काढावा, कारण अशा स्पर्धांतील बहुतेक भांडणे खेळावरून होत नाहीत. कोण कोणाकडून खेळू शकतो यावरून होतात. अमुक तारखेला ज्या वसतिगृहाच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव असेल त्याच संघातून तो खेळेल, सत्राच्या मध्यावर खोली बदलली तरी संघ बदलणार नाही, आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणत्या वसतिगृहाशी जोडायचे तेही याच कागदावर ठरेल, असे स्पष्ट शब्द असावेत. महाविद्यालयाच्या मुख्य संघातील खेळाडूंना पूर्ण बंदी घालणे मला पटत नाही, पण मर्यादा हवीच: व्हॉलीबॉलमध्ये मैदानावरील सहांपैकी एका वेळी दोनच, इतपत पुरेशी आहे. ज्याने शाळा सोडल्यापासून चेंडूला हात लावलेला नाही त्याला या निमित्ताने मैदानावर येता यावे, हाच या स्पर्धेचा उपयोग; मुख्य संघाचे खेळाडू एरवीही खेळतातच.

वसतिगृहे लहानमोठी असतील, तर दोन लहान वसतिगृहांना एकत्र संघ उतरवण्याची आणि मोठ्याला दोन संघ देण्याची मुभा आधीच द्यावी. त्याचबरोबर मुलींचे सामने, मुलांचे सामने आणि मिश्र सामने यांची विभागणी ठरवावी. खेळ निवडताना मैदानी खेळांच्या जोडीला बुद्धिबळ आणि टेबल टेनिस असले, की धावपळ न झेपणाऱ्यांनाही आपल्या वसतिगृहासाठी गुण मिळवता येतात.

यानंतरचे काम वेळापत्रकाचे, आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. आठ वसतिगृहे असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले, तर एका खेळाचे 28 साखळी सामने होतात; थेट बाद पद्धतीत ते सातच होतात, पण निम्मे संघ पहिल्याच दिवशी प्रेक्षक बनतात. म्हणून चार-चार संघांचे दोन गट करून गटांत साखळी, मग दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना, असे एकूण 15 सामने ठेवणे बहुतेक ठिकाणी सोयीचे ठरते; प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. बाद पद्धतीच घ्यायची असेल आणि संघ 11 असतील, तर दर फेरीत संघ निम्मे होत जावेत म्हणून 2, 4, 8, 16 या मालिकेतील पुढची संख्या घ्यावी; 16 मधून 11 वजा करून पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल द्यावी लागेल, आणि ती चिठ्ठ्या टाकून सर्व कर्णधारांसमोरच द्यावी. साखळीतील संघांची संख्या विषम असल्यास प्रत्येक फेरीत एक संघ विश्रांती घेतो, हे धरूनच दिवस मोजावेत.

सामन्यांच्या तारखा लावण्यापूर्वी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि प्रकल्प सादरीकरणाच्या तारखा समोर ठेवाव्यात. तीन सेटचा व्हॉलीबॉलचा सामना कधी पाऊण तासात संपतो, तर कधी सव्वा तासही घेतो. त्यामुळे सामने पाठोपाठ न चिकटवता मध्ये मोकळा वेळ ठेवावा, आणि पावसासाठी निदान दोन दिवस राखीव असावेत. एकच विद्यार्थी फुटबॉल आणि बॅडमिंटन दोन्हींत असतो, हे तर हमखास घडते. म्हणून खेळाडूंच्या याद्या हाती आल्यावरच वेळापत्रक पक्के करावे. गुण समान झाल्यास आधी परस्परांतील सामन्याचा निकाल, मग गोलफरक किंवा सेटचे प्रमाण, आणि शेवटी चिठ्ठी, असा क्रम छापून द्यावा. संघ उशिरा आला तर किती मिनिटे थांबायचे हेही लिहावे. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमाप्रमाणे सामना सुरू होत नाही; व्हॉलीबॉलमध्ये सहा पूर्णच लागतात.

मैदानाची आखणी आदल्या दिवशी करावी आणि मोजपट्टी लावूनच करावी. व्हॉलीबॉलचे मैदान 18 बाय 9 मीटर, भोवती किमान तीन मीटर मोकळी जागा, जाळीची उंची पुरुषांसाठी 2.43 आणि महिलांसाठी 2.24 मीटर, मिश्र सामन्यांसाठी कोणती उंची घ्यायची हे नाणेफेकीच्या वेळी ठरवू नये. बॅडमिंटनची जाळी खांबांपाशी 1.55 आणि मध्यभागी 1.524 मीटर असते, ती सैल सोडली तर मध्यभागी फारच खाली येते. फुटबॉलचे हलवता येणारे गोलखांब जमिनीत घट्ट रोवलेले किंवा वजनाने दाबलेले असल्याची खात्री क्रीडासचिवाने स्वतः हलवून करावी, कारण असे खांब अंगावर पडून मृत्यू झाल्याच्या घटना आहेत. रस्सीखेच ठेवणार असाल, तर दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळण्यास सक्त मनाई करावी आणि दोर खेचण्यासाठीच बनवलेला, न झिजलेला असावा. या वरवर गमतीच्या खेळात बोटे तुटल्याची उदाहरणे आहेत.

पंच नेहमी तिसऱ्या वसतिगृहाचा असावा आणि त्याच्यासोबत गुणलेखक व वेळ पाहणारा असावा. नवख्या पंचांना एक सराव सामना द्यावा. निकालपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या सामना संपताक्षणी घ्याव्यात, आणि तक्रार असल्यास ती ठरलेल्या मुदतीत, लेखी, तीन जणांच्या समितीकडे जावी. ज्यांच्या वसतिगृहाचा सामना असेल त्या सदस्याने त्या वेळी बाजूला बसावे.

प्रथमोपचार पेटीत पट्ट्या, जंतुनाशक, हातमोजे आणि बर्फाची सोय हवी. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटेच लावावा. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, त्याला चक्कर आली किंवा उलटी झाली, तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये आणि डॉक्टरांकडे न्यावे, मग अंतिम सामन्याची शेवटची मिनिटे का असेनात. विजांचा गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामे करून शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे खेळ थांबवावा. सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि वाहनाची व्यवस्था प्रत्येक गुणलेखकाच्या फळीवर चिकटवलेली असावी.

एकूण विजेतेपदाचे गुण ठरवताना केवळ संघ उतरवल्याबद्दलही थोडे गुण द्यावेत, आणि न कळवता गैरहजर राहिलेल्या संघाचे ते कापावेत. स्पर्धा संपल्यावर जाळ्या, चेंडू आणि शिट्ट्या मोजून परत घ्याव्यात, आणि निकालपत्रकांसोबत कोणते सामने वेळेबाहेर गेले, कोणता नियम वादात सापडला, याची नोंद पुढील वर्षीच्या सचिवाच्या हाती द्यावी.