होडी पहिल्यांदा पाण्यात सोडताय? सामान बसवताना या चुका टाळा

घरी होडी बांधणारा माणूस फळ्या कापताना, सांधे जोडताना, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, कडक होणारा गोंद) लावताना इतकी काळजी घेतो की बघणाऱ्याला कंटाळा येईल, आणि एकदा का रंग वाळला की त्याला अचानक घाई सुटते. दोन रविवारात मोटर, वल्ह्यांच्या कड्या, रॉड होल्डर (गळाची काठी उभी ठेवायचं साधन), बॅटरी, आत आलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप सगळं बसवून मोकळा, तिसऱ्या रविवारी होडी पाण्यात. मी पण हेच केलंय म्हणून हक्काने बोलतोय. तोपर्यंत होडी म्हणजे एक बंद भांडं असतं, थेंब आत जायला जागा नसते, आणि या दोन रविवारात आपण त्या भांड्याला ड्रिलने भोकं पाडत सुटतो. माझ्या १२ फुटी होडीची भोकं मी नंतर एकदा मोजली, बारीकसारीक धरून ७१ निघाली. त्यातली निम्मी नकोच होती.

तर खाली बरंचसं भोकांबद्दलच आहे, बाकीचं जाता जाता. प्लायवूड आणि इपॉक्सीची १० ते १४ फुटी होडी, मागे बाहेरून अडकवायची छोटी आउटबोर्ड मोटर, आणि मासे धरायला जायचं, एवढं डोळ्यासमोर ठेवलंय.

आत न बसताच जागा ठरवणं

होडी जमिनीवर नीट टेकू लावून सरळ ठेवा आणि आत जाऊन बसा. हातात दोन काठ्या घेऊन वल्ही मारल्यासारखं करा. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे वल्ह्याची कडी बैठकीच्या मागच्या कडेपासून साधारण १२ इंच ट्रान्समच्या (होडीची मागची उभी फळी, जिला मोटर लागते) बाजूला यायला पाहिजे, हे कागदावर सोपं वाटतं पण हात खेचून घेतला की कोपर कुठे जातंय ते बसल्याशिवाय कळत नाही. माझं कोपर बरोब्बर रॉड होल्डरवर आपटायचं. जागा ठरली की लगेच ड्रिल घेऊ नका, मास्किंग टेप लावून ठेवा, आठवडाभर येताजाता आत बसा, रॉड धरून बघा, मोटर वळवायचा दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, मोटर वर उचलून बघा ती मागच्या बाकाला अडते का. निम्म्या टेपा जागा बदलतात.

अजून एक गोष्ट बसूनच कळते, ती म्हणजे वजन. १० एचपीची फोर स्ट्रोक मोटर ४० किलोच्या आसपास, बॅटरी १५-२० किलो, १२ लिटरची पेट्रोल टाकी भरून १० किलोच्या वर, आणि वर आपण स्वतः. हे सगळं शेवटच्या तीन फुटात बसलं तर होडीचं पुढचं टोक आकाशाकडे बघतं आणि मागून एखादी लाट आली की सरळ ट्रान्समवरून आत. वायर आणि पेट्रोलची नळी लांब घ्या, बॅटरी आणि टाकी पुढे सरकवा. मोटरच्या दांड्याला एक्स्टेन्शन लावलं तर चालवणारा पण मधल्या बाकापर्यंत येऊ शकतो, स्वस्तातला आणि सगळ्यात चांगला उपाय आहे हा.

भोक पाडलं, स्क्रू पिळला, झालं

नाही झालं. हीच ती चूक जी लगेच दिसत नाही. प्लायवूडच्या वर कितीही कोट मारलेले असू देत, भोक पाडलं की आतले सगळे थर उघडे पडतात आणि ते टिपकागदासारखं पाणी ओढतात. माझ्या होडीत हे ट्रान्समच्या खाली, साठलेलं पाणी काढायला ठेवतात त्या बूच बसवायच्या भोकाला झालं. मी भोक पाडलं, पितळी नळी आत सरकवली, कडेने सीलंट फिरवलं आणि खूश. एक सीझन गेला. पुढच्या वेळी रंग काढताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज टेकवलं तर ते बोटभर आत गेलं, जसं काही भिजलेल्या बिस्किटात जातंय. बाहेरून रंगाला साधी चीर पण नव्हती. हाताच्या पंजाएवढा भाग कापून नवीन लाकूड भरावं लागलं, आणि ते काम होडी बांधण्यापेक्षा जास्त वैतागवाणं होतं.

बरोबर पद्धत वेळखाऊ आहे पण अवघड अजिबात नाही. ६ मिमीचा बोल्ट बसवायचा असेल तर आधी १० किंवा १२ मिमीचं भोक पाडा, खालून टेप लावून बंद करा, आत पातळ इपॉक्सी ब्रशने नीट पाजा, मग पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरून टाका. दुसऱ्या दिवशी त्या कडक झालेल्या इपॉक्सीच्या मधोमध ६ मिमीचं भोक. आता बोल्टच्या बाजूने पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. बुचाच्या नळीला, पंपाच्या आउटलेटला, सगळीकडे हेच. फ्रेमच्या तळाशी पाणी वाहून जायला जी छोटी भोकं ठेवतो त्यांच्या कडा तर हमखास कोरड्या राहिलेल्या असतात, बोट घालून बघा, आणि ती भोकं इपॉक्सीच्या ओघळाने बुजली नाहीत ना ते पण बघा.

ज्या वस्तूवर ओढ येणार आहे, म्हणजे पुढची ट्रेलरला ओढायची कडी, नांगराची क्लीट (दोर गुंडाळायचा खुंटा), वल्ह्याच्या कड्या, त्यांना स्क्रू चालत नाही, आरपार बोल्ट पाहिजे आणि आतून प्लायवूडचा चांगला जाड तुकडा चिकटवून त्यावर मोठा वायसर. ९ मिमीच्या काठाला स्क्रूने लावलेला रॉड होल्डर पहिल्याच मोठ्या माशाबरोबर जाऊ शकतो, रॉडसकट.

सीलंटचं म्हणाल तर बाथरूमचं सिलिकॉन होडीपासून लांबच ठेवा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला गंज आणतं, आणि कुठलंही सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागेवर नंतर रंग धरत नाही, पुसून घासून पण नाही. पाण्याखाली पॉलीयुरेथेन मरीन सीलंट चांगलं, पण त्यातलं जे कायमचं चिकटणारं असतं ते पुढेमागे काढाव्या लागणाऱ्या वस्तूंना लावू नका, काढताना लाकडाचा पापुद्रा बरोबर येतो. आणि नट पहिल्याच फटक्यात करकचून आवळायचा नाही, सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत काही उरतच नाही. हलकं आवळा, वाळू द्या, मग अर्धा-पाऊण फेरा, तो पण नटाचा, बोल्ट फिरवायचा नाही.

स्क्रू-बोल्ट घेताना दुकानदार सगळ्यालाच स्टेनलेस म्हणतो. खाऱ्या पाण्याला ३१६ ग्रेड, ३०४ ला डाग पडतात. साधे पितळी स्क्रू खाऱ्या पाण्याखाली नकोत, त्यातलं जस्त निघून जातं आणि वरून छान दिसणारा स्क्रू हाताने तुटतो.

मोटरची उंची

मोटर विकत घेऊन मग ट्रान्सम मोजणारे लोक आहेत, मी नाव घेत नाही. शॉर्ट शाफ्टला (म्हणजे आखूड खांबाच्या मोटरला) ट्रान्सम साधारण १५ इंच, लाँग शाफ्टला २० इंच, ट्रान्समच्या वरच्या काठापासून होडीच्या तळापर्यंत. मोटरच्या पाण्यातल्या पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला पाहिजे. मोटर किंचाळते पण होडी पुढे जात नाही, विशेषतः वळताना, म्हणजे मोटर वर बसलीय आणि पंखा हवा ओढतोय. मागे पाण्याचे फवारे उडतायत आणि होडी रेंगाळतेय, तर खाली बसलीय. क्लॅम्पचे स्क्रू थरथरीने सैल होतात, त्यामुळे पहिल्या १० मिनिटांनी पुन्हा आवळा आणि मोटर साखळीने होडीला बांधलेली असू द्या.

घरी मोटर कोरडी सुरू करून बघायचा मोह होतो, करू नका, पाणी खेचणारा आतला रबरी पंखा पाण्याशिवाय लगेच खराब होतो. ड्रममध्ये पाणी भरून त्यात चालवा आणि बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार येतेय का ते बघा.

मोटर सुरू होते, पाचेक मिनिटं छान चालते आणि बंद पडते, या तक्रारीला बहुतेक वेळा एकच कारण, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय. नळीवरच्या रबरी फुग्याचा बाण मोटरकडे आहे ना तेही बघा. आणि हलवता येणारी टाकी होडीत ठेवून भरू नका, किनाऱ्यावर काढून भरा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या पोटात जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते.

पंपाच्या भरवशावर राहणं

बूच लावायचं विसरलं तर काय होतं याचा हिशोब एकदा करून बघा. पाण्याच्या पातळीखाली १५ सेंटीमीटरवर २५ मिमीचं भोक असेल तर मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी आत येतं. आता छोट्या होडीत लावतात तो ५०० गॅलनचा पंप, म्हणजे तासाला १९०० लिटर, मिनिटाला ३१-३२. कागदावर बरोबरी. पण हा आकडा पाणी वर चढवायचं नसताना आणि नळी लांब नसतानाचा असतो, प्रत्यक्षात पाणी काठापर्यंत चढवताना तो बराच घसरतो, आणि खाचाखाचांची नळी वापरली तर अजून. म्हणजे बूच विसरलं तर पंप हरणारच, त्यामुळे बादली आणि बूच दोन्ही दोरीने बांधलेले पाहिजेत. मी बूच मोटरच्या किल-स्विचच्या (मोटर झटकन बंद करायच्या स्विचच्या) दोरीला लटकवून ठेवतो, ते हातात घेतल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही.

पंपाची वायर मेन स्विचवरून घेऊ नका. फ्लोट स्विच (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) मधे घालून, फ्यूजसकट, थेट बॅटरीवरून घ्या, नाहीतर रात्री बांधून ठेवलेल्या होडीत पाऊस साठला तर पंप झोपलेला असतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटीमीटरच्या आत फ्यूज, वायर टिन केलेली (तांब्यावर कथिलाचा थर असलेली) मरीन वायर, टोकं क्रिम्प करून (दाबून बसवून) वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). नुसता सोल्डर केलेला जोड थरथरीने जिथे सोल्डर संपतो तिथेच तुटतो. घरातली उरलेली वायर वापरली तर खाऱ्या हवेत आतलं तांबं काळं पडत जातं आणि मग दिवा कधी लागतो कधी नाही, महिनाभर आपण दिवाच बदलत बसतो.

फिशफाइंडरचा (पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात राहणारा सेन्सर, ट्रान्समला सरळ स्क्रूने ठोकू नका, जागा पहिल्याच वेळी बरोबर येत नाही आणि मग पाण्याखाली तीन-तीन भोकांचे जोड तयार होतात. एक प्लास्टिकची जाड पट्टी चिकटवा, स्क्रू तिच्यात. पंख्यापासून लांब, जिथे तळाखालून बुडबुड्याशिवाय पाणी येतं तिथे.

फोम खाली भरणं

फोम म्हटलं की लोक तळाच्या फळीखाली भरतात, कारण तिथे जागा रिकामी असते. होडीत पाणी भरलं की तो फोम खालून वर ढकलतो आणि होडी कासवासारखी उलटी होते. फोम कडेला आणि वर पाहिजे, बाजूच्या बाकांखाली, काठाजवळ, आणि थोडा मागे मोटरच्या दोन्ही अंगाला. एक लिटर फोम ढोबळमानाने एक किलो उचलतो. लाकूड स्वतः तरंगतं, त्यामुळे मोटर ४०, बॅटरी १८, नांगर वगैरे १०, आणि धरून लोंबकळणाऱ्या माणसांसाठी वर थोडं, असे १०० लिटर तरी धरा. म्हणजे एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, २० सेंटीमीटर जाड ठोकळा, वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. आणि साधा थर्माकोल पेट्रोल सांडलं की विरघळतो.

नांगराबद्दल दोनच गोष्टी. दोर खोलीच्या ७ पट, खोली मोजताना पाण्यापासून होडीच्या टोकाची उंची पण धरायची. आणि मासे लागतायत म्हणून मागच्या बाजूने नांगर टाकायचा नाही, कधीच नाही, मोटरच्या वजनाने मागचा काठ आधीच खाली असतो आणि दोर ताणला की पाणी आत येतं. होडी बुडवायचा हा अगदी खात्रीचा मार्ग आहे.

पहिला दिवस

माणसं गोळा करू नका, फोटो दुसऱ्या खेपेला काढा. वारा नसलेली सकाळ, उथळ पाणी, लाइफ जॅकेट अंगात. होडी आतून पूर्ण पुसून कोरडी करा आणि सांध्यांवर, भोकांच्या बाजूने खडूची पावडर भुरभुरा. दोरीने बांधूनच अर्धा तास पाण्यात ठेवा. जिथून ओल येतेय तिथे पावडरचा रंग आधी गडद होतो, तळाशी पाणी साठायच्या कितीतरी आधी, आणि साठल्यावर शोधायला गेलं तर ते कुठून आलं हे कळायचा प्रश्नच नाही. मग एकटे चढा, काठाकडे सरकून बघा ती किती झुकते, मग पाण्याचे कॅन भरून वजन वाढवा, एक लिटर एक किलो, माणसांपेक्षा ते बरे, घाबरून उभे राहत नाहीत. हे सगळं जमलं की मग मोटर, ती पण किनाऱ्याला समांतर, वल्ही सोबत घेऊनच.

परत आल्यावर बूच काढून खाली मग धरा आणि किती पाणी निघतं ते मोजून लिहून ठेवा. बंद कप्प्यांची झाकणं उघडून आत हात फिरवा. माझ्या पहिल्या दिवशी अर्धा मग निघालं होतं, दुसऱ्या दिवशी पण अर्धाच, तिसऱ्या दिवशी दीड, तेव्हा शोधलं तर पुढच्या कडीचा एक नट सैल झाला होता.